गिझर किंवा सोलर बंद पडला, वॉरंटी शिल्लक आहे, आता काय? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बावीस वर्षं मी सोलापुरात गिझर आणि पाणी तापवायचे सोलर बसवतोय, दुरुस्त करतोय. साखर पेठेतल्या जुन्या घरांपासून जुळे सोलापुरातल्या नव्या अपार्टमेंटपर्यंत सगळीकडं जाणं होतं. घर गरम करायची वेळ आपल्यावर कधी येत नाही, मे महिन्यात पारा ४२-४३ला टेकतो. पण घरात बाळंतीण असेल, म्हातारी माणसं असतील, तर गरम पाणी बारा महिने लागतं. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस जवळ आले की माझा फोन खाली राहत नाही, आणि त्यातले निम्मे फोन एकाच तक्रारीचे असतात: "वॉरंटी आहे हो, पण कंपनी ऐकत नाही." मशिन बिघडल्यामुळं होतं त्यापेक्षा जास्त नुकसान कागद नसल्यामुळं होतं. पाच-सात हजारांची वस्तू घेताना चार ठिकाणी भाव करणारी माणसं वॉरंटीच्या वेळी हात जोडून परत येतात, ते मला बघवत नाही. म्हणून नेहमीचे प्रश्न एकदाच नीट लिहून ठेवतोय. जुनी माणसं गिझरला अजून बॉयलरच म्हणतात. इथं दोन्ही एकच समजा.

गिझर चालूच होत नाही. कंपनीला फोन करायच्या आधी घरी काय बघायचं?

आधी बोर्डातला एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच, पडलाय का ते बघा. पडला असेल तर एकदा वर करा. लगेच परत पडला तर पुन्हा पुन्हा वर करत बसू नका. पाणी तापवणाऱ्या एलिमेंटचं आवरण फुटून पाण्यात करंट उतरत असण्याची शक्यता असते. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर मेन बंद करून घरातल्या सगळ्यांना बाथरूमबाहेर ठेवा. तिथं वॉरंटीचा विचार नंतर.

एमसीबी ठीक असेल तर सॉकेट बघा. दोन किलोवॉटचा गिझर साधारण पावणेनऊ अँपिअर खेचतो. त्याला सोळा अँपिअरचा सॉकेट आणि निदान अडीच एमएमची वायर लागते. दहापैकी तीन-चार ठिकाणी मला गिझर धडधाकट आणि सॉकेट जळालेला दिसतो. प्लगची पिन काळी पडली असेल तर तिचा फोटो काढून ठेवा, आणि इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट आधी बदलून घ्या. नाहीतर कंपनीचा माणूस "वायरिंगचा दोष" असं लिहून व्हिजिट चार्ज घेऊन जातो, आणि ते चुकीचंही नसतं.

दिवा लागतो पण पाणी कोमटच येतं, किंवा गरम होताना आतून कुटकुट आवाज येतो, अशा वेळी बहुतेक एलिमेंटवर क्षार बसलेले असतात. २५ लिटरचं पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर जायला दोन किलोवॉटवर साधारण अर्धा तास आणि एक युनिट वीज लागते. एक तास लागत असेल तर घड्याळ लावून नोंद करा आणि तक्रारीत तोच आकडा सांगा.

खालून थेंब थेंब पाणी गळतंय. टाकी फुटली का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची टाकी ठणठणीत असते. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटरच्या टाकीत ते साधारण ३५० मिलिलिटर, म्हणजे दीड पेल्याइतकं वाढतं. थंड पाण्याच्या पाइपावर जो पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो तो हे जास्तीचं पाणी बाहेर सोडतो. गिझर चालू असतानाच थेंब पडत असतील आणि बंद केल्यावर थांबत असतील, तर तो व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. त्याच्या तोंडाला लाकडी खुट्टी मारलेली, एम-सील लावलेलं मी बघितलंय. असं कधीही करू नका. वाफेचा दाब अडला तर टाकी बाँबसारखी फुटते.

गिझर बंद असताना रात्रभर पाणी गळतंय, किंवा थेंब व्हॉल्व्हमधून न येता बॉडीच्या खालच्या शिवणीतून तांबूस रंगाचे येतायत, तर मात्र टाकीच गेली. कोरडा टिश्यू पेपर आधी व्हॉल्व्हला आणि मग शिवणीला लावून बघा, कुठून गळतंय ते दोन मिनिटांत कळतं. आणि त्याचा व्हिडिओ काढा.

दुकानदार सात वर्षांची वॉरंटी म्हणाला होता. तिसऱ्या वर्षीच पैसे कसे मागतात?

कारण एका गिझरवर तीन वेगवेगळ्या वॉरंट्या असतात, आणि दुकानदार त्यातला सगळ्यात मोठा आकडा सांगतो. पूर्ण वस्तूवर साधारण दोन वर्षं, एलिमेंटवर त्याहून थोडी जास्त आणि आतल्या टाकीवर पाच ते सात वर्षं असं बहुतेक वॉरंटी कार्डांवर दिसतं. सात वर्षं असतात ती टाकीची. तिसऱ्या वर्षी थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान राखणारा भाग, गेला तर तो तुमच्या खर्चानं. टाकी बदलून मिळाली तरी गॅस्केट, व्हॉल्व्ह, जोडणीचा पाइप आणि ने-आण यांचे पैसे बहुतेक वेळा वेगळे लागतात. हे सगळं कार्डावर बारीक अक्षरात असतं. घेतानाच दुकानात उभं राहून वाचा, चष्मा लागत असेल तर मुलाला वाचायला लावा.

आणखी एक गोष्ट. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात, बसवल्याच्या तारखेपासून नव्हे. दिवाळीत ऑफर आहे म्हणून घेऊन आठ महिने खोक्यात ठेवलेला गिझर आठ महिन्यांनी म्हातारा झालेला असतो. टाकी बदलून दिली तरी वॉरंटी सहसा नव्यानं सुरू होत नाही, उरलेली मुदतच पुढं चालते.

बिल आहे, पण त्यावरची अक्षरं उडालीत.

थर्मल कागदावरचं बिल आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही. कपाटात ठेवलं तरी दोन वर्षांत कोरा कागद हातात येतो. घेतल्या दिवशीच बिलाचा, वॉरंटी कार्डाचा आणि गिझरच्या पोटाखाली चिकटवलेल्या स्टिकरचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनवर पाठवून ठेवा. स्टिकरवर मॉडेल आणि सीरियल नंबर असतो. बाथरूमच्या वाफेनं तोही पुसला जातो.

आता बिल उडालंच असेल तर दुकानात जा. जीएसटीचं बिल असेल तर दुकानदाराकडं त्याची प्रत असते, तारीख सांगितली की निघते. कार्डानं किंवा यूपीआयनं पैसे दिले असतील तर बँकेच्या नोंदीतून तारीख मिळते. सीरियल नंबरवरून कंपनीला उत्पादनाचा महिना कळतो, आणि काही कंपन्या तेवढ्यावरही मानतात. बिल्डरनं बसवून दिलेला गिझर असेल तर ताबा घेतानाच त्याच्याकडून बिलाची प्रत मागून घ्या.

मुळात बिल न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. "पक्कं बिल घेतलं तर जीएसटी लागेल" असं कोणी म्हणालं तर ते वाचवलेले पैसे पुढं टाकीसोबत वाहून जाणार आहेत, हे लक्षात घ्या.

"तुमचं पाणी खारं आहे, वॉरंटी बसत नाही" असं सांगून माणूस निघून गेला. हे बरोबर आहे का?

सोलापुरात सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाणी जड असतं हे खरंच आहे. महापालिकेचं पाणी उजनीचं, भीमेचं, हिप्परग्याच्या तलावाचं. ते रोज येत नाही, कित्येक दिवसांआड येतं, म्हणून मधल्या दिवसांत बोअर चालू होतो. बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरी पुटं चढतात. हेच क्षार साठ अंशांच्या पुढं तापवलं की झपाट्यानं एलिमेंटवर बसतात. विजापूर रोडवरच्या एका घरातून काढलेलं एलिमेंट मी हातात धरलं तेव्हा ते मक्याच्या कणसासारखं दिसत होतं, वजनही जवळजवळ तेवढंच वाढलेलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा, म्हणजे हाच जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००पर्यंत चालेल असं म्हटलंय.

पण "पाणी खारं" म्हणून प्रत्येक दोष झटकता येत नाही. कार्डावर नेमकं काय लिहिलंय ते बघायचं. काही कार्डांवर कठीणपणाची किंवा टीडीएसची मर्यादा आकड्यात दिलेली असते, काहींवर फक्त "क्षार साचल्यामुळं झालेला बिघाड" वगळलेला असतो. आणि टीडीएस मीटरचा आकडा म्हणजे कठीणपणा नव्हे. ते मीटर पाण्यातले सगळेच विरघळलेले क्षार एकत्र दाखवतं, कठीणपणा म्हणजे त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. कार्डावर कठीणपणा लिहिला असेल तर पेनाएवढं मीटर बादलीत बुडवून निर्णय देता येत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या, लेखी अहवाल मिळतो.

हे माझ्याच घरी घडलं. चौथ्या वर्षी टाकी गळायला लागली, वॉरंटी पाच वर्षांची. आलेल्या मुलानं बादलीत मीटर बुडवलं, "हजाराच्या वर आहे" म्हणाला आणि जॉबशीटवर, म्हणजे केलेल्या कामाच्या कागदावर, सही मागितली. सहीच्या वर छापलं होतं की ग्राहकाला निर्णय मान्य आहे. मी कार्ड काढून वाचलं. त्यात क्षारांमुळं एलिमेंट खराब झालं तर वॉरंटी नाही असं होतं, टाकीबद्दल पाण्याचा एक शब्दही नव्हता. मी सहीशेजारी "निर्णय अमान्य, टाकीच्या शिवणीतून गळती" असं लिहून फोटो काढला आणि कंपनीला मेल केला की कोणत्या कलमाखाली नाकारता ते लेखी कळवा. त्यांचा पुढचा मुद्दा होता की अ‍ॅनोड म्हणजे टाकीला गंजापासून वाचवणारा रॉड बदलला नसणार. मी तो दोनदा स्वतःच्या हातानं बदलला होता, पण ज्या कामाची मी दुसऱ्यांना पावती देतो त्याची माझ्या घरी नोंद नव्हती. नशिबानं दुकानातून घेतलेल्या रॉडची दोन्ही बिलं सापडली. आठवडाभर उत्तर आलं नाही. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, आणि टाकी बदलून मिळाली. ने-आणीचे पैसे मी दिले, ते कार्डात होतं.

हा अ‍ॅनोड म्हणजे काय? आम्हाला तर कोणी सांगितलंच नाही.

टाकीत बोटाएवढा जाड मॅग्नेशियमचा रॉड असतो. पाण्यातला गंज टाकीच्या लोखंडाला लागण्याआधी या रॉडला खातो. रॉड संपला की टाकीची पाळी. आपल्या पाण्यात तो दर वर्षी (वॉरंटी असेपर्यंत कंपनीच्या माणसाकडून) उघडून बघावा, दीड-दोन वर्षांत बदलायची तयारी ठेवावी. नवा असताना गुळगुळीत असतो, संपत आला की उसाच्या चोयट्यासारखा खरबरीत होऊन आतली तार दिसायला लागते. बऱ्याच कार्डांवर टाकीची वॉरंटी रॉड वेळेवर बदलण्याच्या अटीवरच असते. बदलताना पावतीवर तारीख आणि सीरियल नंबर लिहून घ्या. काढलेल्या रॉडचा फोटोही ठेवा.

क्षार काढायला लिंबूसत्व वापरा. फरशी धुवायचं ॲसिड टाकीत ओतू नका, त्यानं टाकीच्या आतला काचेचा थर आणि स्टील दोन्ही जातं. थर्मोस्टॅट ५० ते ५५वर ठेवला तर क्षार बरेच कमी बसतात.

गल्लीतल्या मिस्त्रीनं उघडला. आता वॉरंटी गेली का?

बहुतेक कार्डांप्रमाणं गेली. मी स्वतः गल्लीतला मिस्त्री आहे, तरी सांगतो: मुदतीत असलेला गिझर आम्हाला उघडू देऊ नका. सॉकेट, एमसीबी, बाहेरचा पाइप, एवढ्यापर्यंत आमचं काम. पाठीमागचं झाकण उघडायची वेळ आली की कंपनीचाच माणूस बोलवा. मिस्त्री "पाच मिनिटांचं काम आहे" म्हणाला तरी नाही म्हणा.

सोलरच्या नळ्या फुटल्या. कंपनी म्हणते काचेला वॉरंटी नाही.

यात कंपनीची बाजू बहुतेक वेळा पक्की असते, कारण नळी फुटणं जवळजवळ सगळ्याच कार्डांवर वगळलेलं असतं. म्हणून फुटू न देणं एवढंच आपल्या हातात आहे. आणि आपल्या गावात त्या का फुटतात याचं कारण आपल्या पाण्याच्या पाळीत आहे.

पाणी येऊन चार दिवस झाले, वरची टाकी रिकामी झाली, सोलरही कोरडा पडला. वर एप्रिलचं ऊन. कोरडी नळी आतून दोनशे अंशांच्या वर जाते. दुपारी एक वाजता "पाणी आलं, पाणी आलं" म्हणून आपण मोटर चालू करतो, थंड पाणी त्या तापलेल्या काचेवर पडतं आणि टक्‌ करून नळी जाते. अक्कलकोट रोडच्या एका गच्चीवर माझ्यासमोर पंधरापैकी चार नळ्या पाठोपाठ गेल्या. घरातल्या काकू खाली उभ्या राहून प्रत्येक आवाजाला डोळे मिटत होत्या.

टाकी कोरडी पडली असेल तर दिवसा भरू नका. सूर्य मावळल्यावर तास-दोन तासांनी किंवा पहाटे भरा. दुपारी भरणं भागच असेल, किंवा गावाला जाणार असाल, तर घरातली जुनी सोलापुरी चादर नळ्यांवर पसरून चारी कोपरे सुतळीनं बांधा. जाड विणीची असल्यामुळं ती ऊन चांगलं अडवते. सावलीत आल्यावरही काच निवायला वेळ द्या.

नळी न फुटताही निकामी होते. तिच्या खालच्या टोकाला आरशासारखा चंदेरी भाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला की आतली निर्वात पोकळी गेली, ती नळी आता पाणी तापवणार नाही. हा मात्र कारखान्यातलाच दोष असू शकतो. मुदतीत असेल तर पांढऱ्या टोकाचा फोटो काढून जरूर दावा करा. नवी नळी घेताना जाडी आणि लांबी मोजून न्या. ५८ मिलिमीटर जाड आणि १८०० लांब ही जास्त चालते, पण ४७ आणि १५००च्याही पुष्कळ आहेत.

तक्रार कशी करायची म्हणजे टोलवाटोलवी होत नाही?

दुकानदाराला तोंडी सांगणं ही तक्रार नव्हे. कंपनीच्या नंबरवर किंवा अ‍ॅपवर नोंदवा, तक्रार क्रमांक घ्या. माणूस आला की जॉबशीटची प्रत मागा. त्यावर आलेली तारीख, सापडलेला दोष आणि काय केलं हे तिन्ही असलं पाहिजे. "चेक केलं, ओके" एवढंच लिहिलं असेल आणि पाणी गरम होत नसेल तर सही करू नका, किंवा सहीशेजारी मराठीत लिहा: "पाणी गरम होत नाही." कोऱ्या जॉबशीटवर सही तर कधीच नको.

चार वेळा दुरुस्त केला, तरी तेच. नवा मागता येतो का?

मागता येतो. वॉरंटीत "दुरुस्ती किंवा बदल, कंपनीच्या निर्णयानुसार" असं लिहिलेलं असलं तरी तोच दोष पुन्हा पुन्हा येणं म्हणजे वस्तूच सदोष आहे, आणि सदोष वस्तू बदलून देणं किंवा पैसे परत करणं हे ग्राहक आयोग सांगू शकतो. इथं चार जॉबशीट ओळीनं लावल्या की तुम्हाला वेगळं भाषण करावं लागत नाही. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असा शिक्का बिलावर मारला असेल तर त्याला घाबरू नका. बिलावर मुदत दिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथाच आहे.

ग्राहक आयोगात जायला वकील लागतो का? खर्च किती?

वकील सक्तीचा नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. मराठीतून बोलता येतं आणि बरीच प्रकरणं तिथंच मिटतात. नाहीच मिटलं तर दुकानदार आणि कंपनी दोघांनाही स्पीड पोस्टनं नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या, पावती जपून ठेवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की दिल्लीत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापुरातच, तक्रार चालते. ऑनलाइनही दाखल होते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. सामनेवाल्यांत, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्यात, दुकानदाराचंही नाव घाला, नाहीतर दोघं एकमेकांकडं बोट दाखवत बसतात.

निकाल तीन महिन्यांत आणि वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत लावायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त जातो, त्या तयारीनं जा. गळकी टाकी तोवर भंगारात देऊ नका, तोच तुमचा पुरावा आहे. लॉज किंवा मंगल कार्यालयासाठी घेतलेल्या गिझरला मात्र "व्यापारी उपयोग" म्हणून आयोगात अडचण येऊ शकते.

भाड्याच्या घरात आहोत. तक्रार कोणी करायची?

बिल मालकांच्या नावावर असतं, म्हणून त्यांच्याकडून बिलाचा फोटो आणि "तुम्ही तक्रार करा" असा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप घ्या. तेवढ्यावर काम होतं.

मुलगा इंग्लंडला असतो. त्याच्या घरचा हीटिंगचा बॉयलर ऐन थंडीत बंद पडलाय. तिथंही असंच असतं का?

तिथला बॉयलर गॅसवर चालतो, पाण्याबरोबर सगळं घर तापवतो, आणि त्याला हात लावायची परवानगी फक्त गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाला आहे. तिथली वॉरंटी बहुतेक दर वर्षीच्या सर्व्हिसिंगवर अवलंबून असते, म्हणजे आपल्या अ‍ॅनोडचीच गोष्ट. एक वर्ष चुकलं की दावा अडकतो. विकणाऱ्याविरुद्धचा हक्क २०१५च्या तिथल्या ग्राहक हक्क कायद्यानं वेगळा मिळतो. पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला तर तो मुळातच होता असं धरतात, उलट सिद्ध करणं विक्रेत्याकडं. मुलाला सांगा, सर्व्हिसिंगच्या नोंदींचं पुस्तक आधी शोध.

गॅस गिझर आहे, पेटत नाही. घरीच बघू का?

खालच्या डब्यातले दोन मोठे सेल बदलून बघा, बहुतेक वेळा तेच असतं. त्यापुढं काही करू नका. आणि तो बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर दुरुस्तीआधी बाहेर काढून घ्या, पैसे गेले तरी चालतील. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, चक्कर आली हे कळेपर्यंत कडी काढायचं बळ राहत नाही. मला असा फोन आला तर मी आधी गिझर कुठं बसवलाय ते विचारतो. उत्तर "आत" असं आलं तर त्या दिवशी बाकीची कामं मागं ठेवून तिथं आधी जातो.